बाराव्या लढतीच्या पट्ट्या

१

दुपारी दोनच्या सुमारास शिवराज ड्यूटीवरून घरी आला, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि टॉवेल घ्यायला गच्चीत गेला, तर तारेवर पट्ट्या वाळत होत्या.

आता यात नवल ते काय? बॉक्सरचं घर. आठ वर्षं त्या तारेवर रोज पट्ट्या वाळत आल्या होत्या. लांबलचक, सुती, घामाने पिवळ्या पडलेल्या. हाताला घट्ट गुंडाळायच्या आणि वरून ग्लोव्ह चढवायचे. त्याची बायको प्रणिता रोज त्या धोपटून धुवायची. लग्न होऊन आली त्या वर्षी तर शेजारची मल्लम्मा रोज विचारायची, तुमच्या घरात कोणाचा हात मोडलाय का गं?

पण गेले बावीस दिवस ती तार रिकामी होती. बावीस दिवसांपूर्वी शिवराज हरला होता, आणि दुसऱ्याच दिवशी गौरीच्या, पाच वर्षांच्या लेकीच्या, डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, आता बास.

"शपथ पोरीची घेतली होती तुम्ही," मागून प्रणिता म्हणाली. भांडत नव्हती. भांडली असती तर परवडलं असतं. "लढायचंच होतं तर मला सांगायचं. चोरून कशाला?"

"मी हात लावला नाही गं त्यांना."

"मग न्हाणीत बादलीत काय मी टाकल्या? ओल्या चिंब होत्या. घामाचा वास हाताला आहे अजून."

शिवराजने स्टूल ओढलं आणि माळ्यावरची पिशवी खाली काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती. आत ग्लोव्ह, दोरी, आणि नीट गुंडाळी केलेली पट्ट्यांची जोडी, कोरडी ठणठणीत. अंगठ्यात अडकवायचा फासा मागे उसवला होता, तो त्याच्या वडलांनी, बापूंनी, लाल दोऱ्याने शिवला होता. तो फासा त्याने बोटाने चाचपला. मग ती जोडी हातात घेऊन गच्चीत गेला.

तारेवरच्या जोडीलाही लाल दोरा होता. टाके तसेच, जाडेभरडे, एक वाकडा.

प्रणिताने दोन्ही जोड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकसारख्या दोन जोड्या शिवल्या आहेत बापूंनी. मला कशाला दाखवता?" आणि ती भाकरी टाकायला आत गेली. शिवराजलाही वाटलं, तसंच असेल. दमलेल्या माणसाला जे पहिलं कारण मिळेल ते पुरतं.

२

हरण्याची गोष्ट सांगायची तर फार नाही.

त्या दोन-तीन वर्षांत हैदराबादेत रोज नवं काहीतरी निघत होतं. केबल आली, पेजर आले, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. त्या लाटेत एका केबलवाल्याने प्रोफेशनल बॉक्सिंग काढलं. लग्नाचे हॉल भाड्याने घ्यायचा, मधोमध रिंग ठोकायचा, आणि लढती घरोघरी टीव्हीवर दाखवायचा. शिवराज त्यात अकरा लढती लढला आणि अकरा जिंकला. चिक्कडपल्लीत त्याला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. भाजीवाली कोथिंबीर वरून टाकायची.

बारावी लढत विशाखापट्टणच्या एका पोराशी होती. एकोणीस वर्षांचा, हाडांचा सापळा. शिवराज एकतीसचा. सहाव्या राउंडला शिवराजचा डावा हात खाली आला. दमला की त्याचा डावा नेहमी खाली यायचा. त्या फटीतून पोराने असा ठेवून दिला की डोळ्याखाली फाटलं आणि शिवराज आडवा झाला.

लोकांना इथवरच ठाऊक आहे. पुढचं फक्त शिवराजला ठाऊक होतं, आणि ते त्याने प्रणितालाही सांगितलं नव्हतं. तो बेशुद्ध नव्हता. पंच मोजत होता ते त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. चार, पाच, सहा. उठता येत होतं. पण गालाखालचं कापड गार लागत होतं, आणि त्याला वाटलं, पडू दे जरासं. कोण उठणार, परत कोण मारणार आणि परत कोण खाणार! आठ, नऊ. आयुष्यात पहिल्यांदा त्याला इतकं बरं वाटलं होतं.

पुढे कपडे बदलायच्या खोलीत आणखी एक गोष्ट घडली. त्याच्या तालमीत एक रीत होती. लढतीच्या पट्ट्या वेगळ्या असतात, चिकटपट्टीने बांधलेल्या, एकदाच वापरायच्या. जिंकलेल्याच्या पट्ट्या घरच्या माणसाने किंवा उस्तादाने कात्रीने कापायच्या. हरलेल्याने मात्र आपल्या आपण सोडवायच्या. पाऊण तास लागो, दाताने लागो, कोणी हात लावायचा नाही. शिवराजला हे फक्त ऐकून ठाऊक होतं. त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

तो बाकावर बसून चिकटपट्टीचं टोक शोधत होता तेवढ्यात बापू आत आले. प्रतापराव. भालकीकडचे शेतकरी, अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर शहरात आलेले, तरुणपणी कुस्तीत नाव काढलेले. उस्ताद एकनाथरावांच्या पेटीतली कात्री त्यांनी उचलली.

"प्रतापराव, ठेवा ती," उस्ताद म्हणाले.

"माझा पोरगा हरला नाही," बापू म्हणाले. आणि करकर करकर दोन्ही हातांच्या पट्ट्या कापून टाकल्या.

शिवराजने हात मागे घ्यायला हवे होते. पण खरं सांगायचं तर हात मागे घेण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं.

३

हरणं एका रात्रीत संपतं, हरलेला असणं मात्र रोज सकाळी नव्याने सुरू होतं, हे त्याला घरी आल्यावर कळलं.

शिवराज दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरात गेटवर सुपरवायझर होता. मालकाने त्याला ठेवलंच होतं 'न हरलेला बॉक्सर' म्हणून. स्वागताच्या टेबलामागे त्याचा ग्लोव्हवाला फोटो लावला होता. लढतीनंतर तिसऱ्या दिवशी तिथे मागच्या वर्षीच्या टॉपर पोरीचा फोटो आला. मालक वाईट माणूस नव्हता. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पहाटेच्या बॅचला सायकल स्टँड बघ जरा. तुलाही आराम." त्यामुळे शिवराज आता पावणेपाचला घर सोडत होता. त्याला ते बरंच वाटलं. त्या वेळी गल्लीत कोणी नसतं.

येताना मात्र गल्ली जागी असायची. पोरं ओरडायची, "ओडिपोयाडु! ओडिपोयाडु!" हरला रे हरला. त्याचं काही नाही, पोरंच ती. खरा त्रास व्हायचा गप्प राहणाऱ्यांचा. भाजीवाली आता कोथिंबीर मोजून द्यायची, आणि देताना डोळ्यांत बघायची नाही.

आणि बापू. लढतीनंतर बापू त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आठ वर्षं ते रोज सकाळी पाट्यावर बदाम वाटायचे, दुधात कालवून पेला भरायचे, आणि शिवराज धावून आला की त्याच्या हातात द्यायचे. तेवढीच त्यांची माया. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने त्यांना ती करता आली नाही. तो पाटा आता भिंतीला उभा टेकवलेला होता. शिवराजला नोकरी, फोटो, कोथिंबीर कशाचंच काही वाटलं नसतं. बापूंनी एकदा त्याच्याकडे बघून "हरलास, हौ, हरलास. बस आता, जेव," एवढं म्हणावं, बाकी त्याला काही नको होतं.

४

पट्ट्या दिसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी येताना कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातून हसनभाईंनी हाक मारली.

"क्या पहिलवान! आज सुबू तो बडे जोश में भाग रए थे. इंदिरा पार्क के तीन चक्कर मारे बोलते."

"मैं? मैं तो ड्यूटी पे था, भाई."

"मजाक नक्को करो. मैं सलाम करा, तुम हात उठाए." हसनभाईंनी चहा पुढे सरकवला. "अच्छा है. आदमी गिरता, उठता. बैठके रोने से क्या होता?"

चहा गोड होता. शिवराजने पिऊन टाकला. चुकीचा माणूस पाहिला असेल, पहाटे अंधारच असतो. पण हसनभाई गल्ल्यावर बसतात ते सहानंतर, चांगलं उजाडल्यावर, हे त्याला घराच्या जिन्यात आठवलं.

घरात बदामाचा वास होता.

पाटा धुऊन ठेवलेला होता, आडवा. वरवंट्याच्या खाचेत पांढरट पेस्ट अडकली होती. त्याने ती नखाने काढून जिभेवर ठेवली. मोरीत स्टीलचा पेला होता, तळाला दुधाची रेघ. बापू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते. झोपलेल्या बापूंचा श्वास शिवराजला ठाऊक होता.

"बापू, बदाम कोणासाठी वाटले?"

बापूंनी पाय जवळ ओढून घेतले. पण त्यांचे खांदे सैल होते. तीन आठवडे दगडासारखा असणारा माणूस आज पोटभर जेवून पडल्यासारखा पडला होता.

संध्याकाळी प्रणिता केस विंचरत होती. आरशातूनच म्हणाली, "एक विचारू? सकाळी इतके बरे असता. हसता, गौरीला खांद्यावर घेता, बापूही बोलतात. मग दुपारनंतर काय होतं तुम्हाला?"

"सकाळी म्हणजे कधी?"

"बघा, लगेच चिडला."

५

तो चिडला नव्हता. तो घाबरला होता.

शिवराज काही भुताखेतांना मानणारा नव्हता. त्याने विचार केला, डोक्याला मार बसलाय, कदाचित आपल्यालाच आठवत नसेल. तसं असतं तर सुटल्यासारखं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने सेंटरातलं हजेरीचं पुस्तक मागून घेतलं. रोज पाच पंचवीसला त्याची सही होती. सायकलींच्या बिल्ल्यांवर त्याचं अक्षर होतं. सात वाजता त्याने एका पोराची चेन बसवून दिली होती, बोटांना अजून ग्रीस होतं. सकाळभर तो इथेच होता. याहून जास्त 'इथे' माणूस कसा असणार?

मग घरी कोण होतं?

त्या दुपारी गौरी त्याच्या मांडीवर बसून चित्र रंगवत होती. रंगवता रंगवता तिने वर पाहिलं आणि त्याच्या डोळ्याखालच्या टाक्यांच्या व्रणावर खडू टेकवला.

"दुखतं?"

"नाही गं."

"तू हरलेला बाबा आहेस ना?"

बापूंनी शिकवलं असणार! पहिल्यांदा त्याला संतापच आला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही." ती परत रंगवायला लागली. "तुला टाके आहेत म्हणून. सकाळी नसतात."

खडू कागदावर घासत होता, तेवढाच आवाज होता. शिवराजने चित्राकडे पाहिलं. घर, जिना, तार. घरात चार माणसं होती, एक काठीवालं. जिन्यात एक वेगळं काढलं होतं, त्याला रंग दिला नव्हता.

६

तो तडक तालमीत गेला. चिक्कडपल्लीच्या मागच्या गल्लीत पत्र्याची ती शेड, दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. उस्ताद एकनाथराव दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते.

"ये ये," ते म्हणाले. "आता दोन वेळा यायला लागलास? हे मात्र जास्त होतंय."

शिवराज खाली फरशीवर बसला. "उस्ताद, मी तीन आठवड्यांत इथे पाऊल टाकलेलं नाही."

"चल. रोज सहाला येतोस. बॅगवर तासभर असतोस. बोलत नाहीस, पाठमोरा राहतोस. मी म्हटलं लाज वाटत असेल, वाटू दे." उस्तादांनी चष्मा काढला. "पण खेळ सुधारलाय हं. तुझा डावा आता खाली येत नाही. एकदाही नाही. मी काल म्हटलंसुद्धा, अरे, तू दमत कसा नाहीस?"

"मग तो काय म्हणाला?"

'तो' ऐकल्यावर उस्ताद थांबले. शिवराजच्या चेहऱ्याकडे, त्या व्रणाकडे त्यांनी नीट पाहिलं. काल पाहिलं नव्हतं असं पाहिलं. मग हळूच मान वळवून शेडमध्ये बघितलं. आत बॅग टांगलेली होती. पंखा बंद होता. साखळीची एक कडी कुरकुरत होती, बारीक, मधूनच, आणि मग थांबली.

"तुझ्या पट्ट्या प्रतापरावांनी कापल्या," उस्ताद म्हणाले. "मी म्हटलं होतं, ठेवा म्हणून."

"त्याने काय होतं?"

"मला माझ्या उस्तादांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. हरलेल्याच्या कापायच्या नाहीत, एवढंच." आवाज म्हाताऱ्यासारखा झाला होता. "तुझ्या जागी मी असतो, शिवराज, तर सकाळचा घर सोडून गेलो नसतो."

शिवराजने दोन्ही हात पुढे केले. "बांधा."

"कशाच्या? लढत कुठाय?"

"त्याच लढतीच्या. उद्या पहाटे बांधा. मी बापूंच्या समोर बसून माझ्या हाताने सोडतो. त्यांना बघावं लागेल. एकदा बघितलं की संपलं."

उस्तादांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "ये पाचला."

७

शिवराज त्या दिवशी ड्यूटीला गेलाच नाही. उस्ताद पाचला बांधायला बसले, पण बोटं चालत नव्हती त्यांची. दोनदा सोडून परत बांधल्या. साडेसहाला काम झालं. सहाला यायचा तो त्या दिवशी तालमीत आला नाही. दोघांनीही दाराकडे बघायचं टाळलं.

शिवराज बांधलेले हात घेऊन उजाडत्या गल्लीतून घरी निघाला. दूधवाला सायकलवरून ओरडला, "फिरसे? अभी तो ऊपर गए!" शिवराजने मान खाली घातली.

जिना चढताना गच्चीवरून दोरीचा आवाज येत होता. दोरीच्या उड्या मारताना फरशीवर वाजते तसा, सट सट सट, एका लयीत, जराही न चुकता. शिवराज अशी दोरी वयाच्या विशीत मारायचा. तो मधल्या वळणावर थांबला, तर दोरीही थांबली. मग वर अनवाणी पावलं चालत गेली आणि त्याच्याच घरात शिरली. कडी लागली.

तो दारापाशी पोचला. आत पाट्यावर वरवंटा फिरत होता. आणि बापू हसत होते. बापूंचं हसणं त्याने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. घशातून खाकरत येणारं, लांबलेलं. प्रणिता म्हणाली, "अहो, घाम तरी पुसा आधी," आणि तीही हसली, लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तशी.

स्वतःच्या घराचं दार त्याला वाजवावं लागलं. पट्टी बांधलेल्या मुठीने वाजवल्यामुळे आवाज नीट झालाच नाही. त्याने परत वाजवलं.

गौरीने कडी काढली. दार वीतभर उघडलं.

त्या वीतभर फटीतून त्याला बापू दिसले, पाटावर बसलेले, शेजारी पेला ठेवलेला. त्यांच्या समोर कोणीतरी मांडी घालून बसलं होतं, दाराकडे पाठ करून. भिजलेला बनियन. मानेवरचे केस ओले. दोन्ही हात बापूंच्या पुढे धरलेले, आणि बापू त्या हातांच्या पट्ट्या मायेने सोडवत होते. डोकं किंचित या बाजूला वळलं. गाल दिसला, डोळ्याच्या कडेपर्यंत. गुळगुळीत गाल. मग ते वळायचं थांबलं, ऐकत असल्यासारखं.

"बापू," शिवराज म्हणाला.

गौरीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. घाबरली नाही. ओळखलं तिने. आत तोंड करून ओरडली, "आजोबा, ते हरलेले काका आलेत."

मग बापूंचा आवाज आला, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याच्या वाट्याला आलेला. शांत, दारी आलेल्या परक्या माणसाशी बोलावा तसा अदबीचा.

"त्यांना म्हणावं, बसा. दमले असतील. पाणी दे त्यांना."

गौरीने तांब्यातून पेला भरून आणला, दोन्ही हातांनी, सांडू न देता. तो त्याच्या हातात दिला आणि दार लोटून घेतलं. आत वरवंटा परत फिरायला लागला.

शिवराज जिन्याच्या पायरीवर बसला. पाणी प्यायला. मग दाताने चिकटपट्टीचं टोक धरून ओढायला लागला. उजवा हात मोकळा झाला, मग डावा. पट्ट्यांचा ढीग त्याच्या पायाशी पडला. बघायला कोणी नव्हतं. शेजारची मल्लम्मा कचरा टाकायला उतरली आणि त्याला ओलांडून गेली, परक्या माणसाला ओलांडतात तशी पदर सावरून.

उठायला हवं होतं. दार ढकलून आत जायला हवं होतं. कडी लागल्याचा आवाज आला नव्हता. त्याने डोकं भिंतीला टेकवलं. भिंत गार होती. उठता येत होतं त्याला. तेव्हाही येत होतं.

पडू दे जरासं, त्याला वाटलं.

आत कोणीतरी पेला रिकामा करून खाली ठेवला, आणि बापू म्हणाले, "शाब्बास."